डोक्यातील रक्ताची गाठ आणि एका न्यूरोसर्जरी विभागातील सहा दिवस

नाशिकमधील एका खाजगी रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्यावर नुकतेच उपचार झाले. येथे तक्रारीही मांडायच्या असल्याने रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही.

रविवारच्या क्रिकेट सरावात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना उभ्या असलेल्या भाच्याच्या उजव्या कानशिलावर सीझन बॉल बसला. अर्धा मिनिट त्याला भोवळ आली, मग तो उठून बसला, पाणी प्यायला आणि चक्क थट्टाही करू लागला. जवळच्या दवाखान्यात बर्फ लावून, वेदनाशामक गोळी देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. अडीच तासांनी त्याचे डोके असह्य दुखू लागले, दोनदा उलटी झाली आणि तो बोलता बोलता झापड येऊन पेंगू लागला. भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ साली ढाक्यात याच जागी क्षेत्ररक्षण करताना चेंडू लागल्यावर स्वतः चालत मैदानाबाहेर गेले होते आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले, हे मला गाडीत बसल्यावर आठवले. दवाखान्यात आठवले असते तर बरे झाले असते.

या विभागाचे सर्वांत मोठे श्रेय म्हणजे, मुलगा बोलतो आहे यावर तेथे कोणी विसंबले नाही. बॅटरीच्या प्रकाशात दोन्ही बाहुल्या तपासून, शुद्धीचे पंधरापैकी तेरा गुण लिहून त्याला लगेच सीटी स्कॅनला नेले. कवटीच्या हाडाला आतून चिकटून भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग दिसत होता. कानशिलाचे हाड पातळ असते, त्याच्या आतून जाणारी धमनी फाटते आणि रक्त हाड व मेंदूवरील जाड आवरण यांच्यामध्ये साठत जाते. त्यालाच डॉक्टर ‘ईडीएच’ म्हणजे एपिड्यूरल हिमॅटोमा (आवरणाबाहेरील रक्ताची गाठ) म्हणतात. गाठ साधारण पस्तीस मिलिलिटरची होती आणि तीसच्या वर गेल्यास शुद्धी कितीही चांगली असली तरी शस्त्रक्रियाच करायची असते, हे न्यूरोसर्जननी सही घेण्यापूर्वी पडद्यावर दाखवून सांगितले. हाडाचा तुकडा उघडून गाठ काढली, रक्तस्राव थांबवला आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी हाड परत बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने सामन्याचा निकाल विचारला.

समजावून सांगण्याची ही पद्धत मला फार आवडली. बाळंतपणात आपल्या पाठीत दिलेले एपिड्यूरल इंजेक्शन याच जागेत असते का, असे ताईने घाबरत विचारले, तेव्हा न्यूरोसर्जननी कागदावर आकृती काढली. मणक्यांत आवरणाबाहेर चरबी आणि शिरांनी भरलेली खरीखुरी पोकळी असते. कवटीत मात्र आवरण हाडाला घट्ट चिकटलेले असते आणि रक्ताला ते सोलून जागा करावी लागते. हाडांच्या सांध्यांपाशी ते आवरण अधिकच घट्ट धरलेले असल्याने रक्त पसरत नाही, मध्येच फुगते, म्हणून तो भिंगाचा आकार. शेजारच्या खाटेवरील आजोबांना मणक्याच्या क्षयरोगामुळे त्याच पोकळीत पू झाला होता. महिनाभर पाठदुखी म्हणून मलम चोळले गेले आणि पायांतील शक्ती जाऊन लघवी अडली तेव्हा त्यांना येथे आणले. पाठदुखीसोबत ही लक्षणे दिसली तर रात्र उलटू देऊ नये, असे परिचारिका त्यांच्या मुलाला परोपरीने सांगत होती.

परिचारिकांविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण पहिली रात्र दर तासाला भाच्याला उठवून नाव विचारणाऱ्या त्याच होत्या.

आता उणिवा. शस्त्रक्रियेची तयारी सुरू असताना अनामत रकमेसाठी मला दोनदा खाली बोलावले गेले; उपचार थांबले नाहीत हे खरे, पण त्या वेळी माणूस वर असायला हवा होता. अंदाजपत्रकात टायटॅनियमच्या पट्ट्या आणि अतिदक्षता विभागातील किरकोळ साहित्य धरलेले नव्हते, त्यामुळे अंतिम बिलाने धक्का दिला. घरी सोडतानाचा कागद पूर्णपणे इंग्रजीत होता. फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी सात दिवसांनंतर बंद करायची की नाही, हे त्यावरून ताईला कळले नाही आणि मला पुन्हा फोन करावा लागला. इतके उत्तम मराठीत बोलणाऱ्या विभागाला एक पान मराठीत छापणे जड जाऊ नये.

उपचारांना मी पाचपैकी पाच गुण देईन, बिलाच्या खिडकीला दोन. तेथे तपासणीस जाणाऱ्यांनी आधीच्या स्कॅनच्या फिल्म सोबत न्याव्यात. आम्ही त्या घरी विसरलो आणि एक फेरी वाया गेली.