रिअल-टाइम पीसीआर की डिजिटल पीसीआर?

लॅबमधला ज्युनिअर कालपासून डोकं खातोय, "दादा, फुफ्फुसाच्या कॅन्सरमधलं ईजीएफआर जीनचं म्युटेशन (जीनमधला बदल) शोधायचंय, कुठलं वापरू?" म्हटलं आधी ती कंपन्यांची ब्रोशरं बाजूला ठेव.

पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या कॉपी वाढवत नेणं, डीएनए दोन्हीकडे तसाच वाढतो. रिअल-टाइममध्ये सगळं एकाच ट्यूबमध्ये, डीएनए वाढला की चमक वाढते, ती कितव्या सायकलला (फेरीला) वर उठली ते बघायचं. डिजिटलमध्ये तेच सॅम्पल तेलात सुमारे 20,000 थेंबांत फोडायचं, प्रत्येक थेंबात वेगळी पीसीआर, मग चमकलेले किती आणि न चमकलेले किती ते सरळ मोजायचे, स्टँडर्ड कर्व्हची (माहीत प्रमाणाच्या सॅम्पलांशी तुलना करायच्या आलेखाची) कटकटच नाही.

खरा फरक पडतो तो इथे. 1,000 नॉर्मल कॉपींत 1 म्युटंट असेल तर रिअल-टाइमला ती गर्दीत सापडत नाही, त्याची झेप साधारण 1 टक्क्यापर्यंत, डिजिटल 0.1 टक्क्यापर्यंत जातं. पण ट्यूमरचा डीएनए रक्तातून शोधत असशील आणि ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं रक्त दिवसभर टेबलावर पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटून नॉर्मल डीएनए मिसळतो न मुसळ केरात, मशीन कितीही भारी असो.

खर्चात रिअल-टाइम स्वस्त, कोविडनंतर मशीनही बऱ्याच ठिकाणी आहे.

बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आहे, त्यात ट्यूमर भरपूर आहे, तर रिअल-टाइम बास. सीएमएलच्या (एक रक्ताचा कॅन्सर) बीसीआर-एबीएल या जोडलेल्या जीनलाही तेच चालतं, ते नॉर्मल पेशीत सहसा नसतंच मग गर्दी कसली. जेफिटिनिब (ईजीएफआर रोखणारं औषध) चालू असताना रक्तातून टी790एम (त्या औषधाला दाद न देणारं म्युटेशन) पकडायचं असेल तर डिजिटल. आणि म्युटेशन कुठलं तेच माहीत नसेल तर दोन्ही सोड, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं) कर.