ट्युरिंग कम्प्लीट की नँडगेम? खेळलेल्यांची मतं आणि माझा कौल

डिजिटल सर्किट खेळता खेळता शिकायचं म्हटलं की दोन नावं हमखास पुढं येतात, ट्युरिंग कम्प्लीट आणि नँडगेम. दोन्हींचा गाभा एकच आहे. सुरुवातीला नँड गेट (दोन्ही इनपुट चालू असतील तेव्हाच आउटपुट बंद करणारा छोटा घटक), त्यातून नॉट, अँड, ऑर, एक्सऑर हे बाकीचे गेट, मग अ‍ॅडर, म्हणजे बेरीज करणारं सर्किट, मग मेमरी आणि शेवटी स्वतः जोडलेला, चालणारा कॉम्प्युटर. ट्युरिंग कम्प्लीट स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरता तयार होण्याआधीच, विक्रीला आला. नँडगेम ब्राउझरमध्ये उघडतो, फुकट आहे, खातंसुद्धा काढावं लागत नाही.

मग फुकटचा घ्यावा आणि विषय संपवावा, असं कुणालाही वाटेल. पण कोल्हापूरला राजारामपुरीत माझ्याकडे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येणारी डिप्लोमा-डिग्रीची मुलं आणि उद्यमनगरात पॅनल वायरिंग करणारे काहीजण हे दोन्ही गेम खेळलेत. एकाला जो आवडला तोच दुसऱ्याला नकोसा झाला. दर जूनमध्ये पालक विचारतात, "मॅडम, पोरासाठी कुठला घेऊ?" म्हणून ती सगळी मतं एकदा नीट मांडते आहे.

ट्युरिंग कम्प्लीटबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, 'हा गेम काही सांगतच नाही.' लेव्हल उघडते, दोन-चार ओळींचा मजकूर येतो, इनपुट-आउटपुट समोर असतात, आणि पुढचं तुमचं तुम्ही. याचं ठळक उदाहरण म्हणजे काउंटिंग सिग्नल्स ही लेव्हल. चार इनपुट आहेत. त्यातले किती चालू आहेत ते बायनरीत दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सोळा ओळींचं ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटला काय आउटपुट, याचा तक्ता) मांडून प्रत्येक ओळीसाठी वेगळे गेट लावत बसलं, की स्क्रीनवर नुसता वायरींचा गुंता होतो. माझ्याकडची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी इथं इतकी वैतागली, की गेम काढून टाकते म्हणाली. तिनं कागद पुढं ओढला आणि तीन इनपुट फुल अ‍ॅडरला, म्हणजे तीन बिटची बेरीज करणाऱ्या सर्किटला, दिले. त्याची सम (बेरीज) आणि चौथा इनपुट एका हाफ अ‍ॅडरला, म्हणजे दोन बिटची बेरीज करणाऱ्याला, आणि दोन्ही कॅरी (हातचे) दुसऱ्या हाफ अ‍ॅडरला. सुटलं! बेरीज म्हणजे मोजणं, हे पुस्तकात वाचून तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या एका लेव्हलनं शिरवलं. आता तीच मुलगी इतरांना सांगते की गेम काही सांगत नाही हेच बरं आहे.

तरीही ती तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला घरी विचारायला कुणी नाही, इंग्रजी मजकूर वाचायला जड जातो, त्याच्यासाठी ही मोठी अडचण आहे. नँडगेम इथं जास्त मायेनं वागतो. पायऱ्या लहान आहेत, एकीतून दुसरी निघते. लेव्हल सुटली की किती घटक वापरले आणि आतून एकूण किती नँड झाले तेही सांगतो. एक्सऑर चार नँडमध्ये होतो, फुल अ‍ॅडर नऊमध्ये. आपला आकडा त्याहून मोठा आला, की मुलं आपणहून परत मागं जातात आणि कुठला गेट फुकट गेला ते शोधतात. डिग्रीच्या मुलांची नँडगेमवरची तक्रार नेमकी उलटी आहे. सगळं हातात आणून देतो, डोकं फार ताणावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. अ‍ॅडरपर्यंत मला ते पटतं. कंट्रोल युनिटच्या (आज्ञा वाचून बाकीचे भाग चालवणाऱ्या सर्किटच्या) लेव्हलला पोचलेला कुणी असं म्हणताना मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या मते खरा फरक मेमरी शिकवण्याच्या पद्धतीत आहे. त्याबद्दल मुलं फारशी बोलत नाहीत, पण निवड करताना मी सगळ्यात आधी हेच बघते.

नँडगेमची पहिली लेव्हल रिलेची, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचची, आहे. नँड गेटसुद्धा आयता मिळत नाही, तो दोन रिलेंतून बनवायचा असतो. कॉलेजची मुलं इथं बिचकतात, कारण रिले त्यांनी फक्त चित्रात पाहिलेला असतो. उद्यमनगरातल्या पोरांना मात्र ही लेव्हल घरचीच वाटते. एक एनओ (एरवी तुटलेला कॉन्टॅक्ट), एक एनसी (एरवी जोडलेला), कॉइलला सप्लाय, हे त्यांचं रोजचं काम. आणि पुढं लॅचची लेव्हल येते तेव्हा तर विचारूच नका. तिथं आउटपुट फिरवून परत इनपुटला द्यायचं असतं, म्हणजे सर्किट आपलीच शेवटची स्थिती धरून ठेवतं. हे पाहून पॅनल वायरिंगवाला एकजण जवळजवळ ओरडलाच, "अहो मॅडम, हे तर स्टार्टरचं होल्डिंग हाय की!" बरोबर बोलला तो. मोटारीच्या स्टार्टरला हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटार चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरचा (मोटार चालू करणाऱ्या मोठ्या रिलेचा) स्वतःचा एनओ कॉन्टॅक्ट त्या बटणाला पॅरलल जोडलेला असतो. लाल बटणानं ती साखळी तुटते. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखान्यांत असे होल्डिंग कॉन्टॅक्ट रोज लागतात. एका बिटची मेमरी म्हणजे तीच गोष्ट, हे त्या मुलाला मला समजावून सांगावं लागलं नाही.

ट्युरिंग कम्प्लीटमध्ये असं आउटपुट फिरवून परत इनपुटला जोडलं, की सर्क्युलर डिपेंडन्सीची एरर येते. नव्या खेळाडूंचा अर्धा राग या एका एररवर असतो. "पुस्तकात दोन नँड एकमेकांना उलटे जोडून लॅच दाखवलाय, मग हा गेम का अडवतो?" हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. कारण असं, की हा गेम टिकच्या, म्हणजे एकेका ठोक्याच्या, हिशेबानं चालतो आणि एका टिकमध्ये प्रत्येक वायरची किंमत एकच असावी लागते. म्हणून मेमरीसाठी तो डिले लाइन नावाचा घटक देतो, जो मागच्या टिकचा सिग्नल या टिकमध्ये बाहेर सोडतो. जुनी किंमत ठेवायची की नवी घ्यायची, एवढं ठरवणारे गेट तुम्ही त्याभोवती बांधायचे. खऱ्या डिझाइनमध्येही सगळं क्लॉकच्या ठोक्यावर चालवतात आणि कॉम्बिनेशनल लूप (मध्ये मेमरी न ठेवता आउटपुट परत इनपुटला जोडणं) टाळतात, त्यामुळे ही सवय पुढं एचडीएल (सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहिताना कामी येते. पण नँडपासून लॅच कसा होतो हे मात्र त्यातून उमगत नाही. परीक्षेत एसआर (सेट-रिसेट) लॅच येणारच असतो. म्हणून पहिल्यांदा शिकणाऱ्यानं हा भाग नँडगेममध्ये करावा, यावर मी ठाम आहे.

कॉम्प्युटर जोडायच्या टप्प्यावर पारडं फिरतं. नँडगेममधला कॉम्प्युटर १६ बिटचा आहे. इंस्ट्रक्शनचा (कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञेचा) सगळ्यात वरचा बिट शून्य असेल तर उरलेले १५ बिट सरळ डेटा. आराखडा आधीच ठरलेला, तुम्ही तो उभा करायचा. ट्युरिंग कम्प्लीटमध्ये आधी ओव्हर्चर नावाचा आठ बिटचा कॉम्प्युटर होतो. त्यात वरचे दोन बिट इंस्ट्रक्शनचा प्रकार ठरवतात, म्हणजे आकडा लिहायला सहाच बिट उरतात, ० ते ६३. कुणाला ६४ लागला तर? बेरीज करून आणा! हे वाचून वैताग वाटेल, पण खेळणाऱ्यांना नाद लागतो तो इथंच. आपणच बांधलेल्या मशीनवर, आपणच नावं दिलेल्या असेम्ब्लीत (मशीनच्या आज्ञांना शब्द देणाऱ्या भाषेत) प्रोग्रॅम लिहून गेमचा रोबो भूलभुलैयातून बाहेर काढायचा असतो. प्रोग्रॅम चालला नाही तर चूक कोडमध्ये आहे की वायरींत, तेही आपणच शोधायचं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा पेपर मी पास झालो होतो, कळला आत्ता." पुढं लेग नावाचा मोठा आराखडा येतो आणि तिथून गेम फारच मोकळा सोडतो. नँडगेमचा शेवट त्या मानानं लवकर आल्यासारखा वाटतो, जरी त्यातही सॉफ्टवेअरच्या लेव्हल आहेत.

डिले हाही ट्युरिंग कम्प्लीटकडे असलेला एक चांगला गुण. गेट किती लागले याबरोबर सिग्नल पोचायला किती वेळ लागला तेही तो मोजतो. आठ बिटच्या साध्या अ‍ॅडरमध्ये कॅरी आठ फुल अ‍ॅडरमधून रांगेनं जातो, म्हणून शेवटचा बिट सगळ्यात उशिरा येतो. कॅरी लुकअहेड (रांगेची वाट न बघता कॅरी आधीच काढायची पद्धत) का काढला, हे वर्गात फळ्यावर सांगून मुलं नुसती मान हलवतात. स्कोअर सुधारायचा झाला की तीच मुलं ते शोधत येतात.

बाकीच्या तक्रारी व्यवहारातल्या आहेत. ट्युरिंग कम्प्लीटमध्ये चौकटींवरून वायर वळवत नेणं सर्किट मोठं झालं की कंटाळवाणं होतं. वायरींना रंग देण्याची सवय पहिल्यापासून लावा. अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेमला मोठा बदल आला की जुनी सर्किटं बिघडण्याची भीती असते, त्यामुळे ज्याला सगळं तयार आणि स्थिर लागतं त्यानं थांबावं. नँडगेमची प्रगती ब्राउझरमध्येच साठते. कॉलेजच्या लॅबमध्ये आज या पीसीवर, उद्या त्या पीसीवर बसलात, किंवा कुणी हिस्टरी साफ केली, तर पुन्हा श्रीगणेशा. आणि दोन्हीसाठी माउस हवाच, मोबाईलच्या स्क्रीनवर वायरी ओढत बसू नका.

नँड टू टेट्रिस नावाचा एक कोर्सही आहे, नोम निसान आणि शिमॉन शॉकेन यांचा. त्यात वायरी ओढायच्या नसतात, एचडीएलमध्ये लिहायचं असतं, आणि डी फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारा घटक) आयता दिलेला असतो. ज्यांना खेळ नको, सरळ अभ्यास हवा, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. नँडगेमचा कॉम्प्युटर त्याच्याच वळणाचा आहे, त्यामुळे इकडून तिकडे जाणं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात घ्यावी. यातला कुठलाही गेम प्रॅक्टिकलची जागा घेत नाही. के-मॅप (ट्रुथ टेबलवरून सर्किट लहान करायची कागदावरची पद्धत) हे गेम शिकवत नाहीत, तो वहीतच घोटावा लागतो. गेममध्ये इनपुट मोकळा सोडला तर तो गुमान शून्य धरला जातो. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर) ७४एलएस०० हा नँडचा आयसी लावून त्याची इनपुट पिन मोकळी सोडा, ती एक असल्यासारखी वागते, आणि गेममध्ये पैकीच्या पैकी मिळवलेला मुलगा टेबलापाशी डोकं धरून बसतो. १४ नंबरच्या पिनला पाच व्होल्ट, ७ नंबरला ग्राउंड, हे हातानंच करायचं असतं. चार नँड असलेला तो आयसी फार महाग नाही. एक्सऑर गेममध्ये जमला, की त्याच संध्याकाळी त्या एकाच आयसीवर जोडून एलईडी लावून बघा. चार नँड लागतात आणि आयसीत चारच असतात, अगदी मापात.

आता माझा कौल. दहावी-अकरावीचं पोर असेल, डिप्लोमाचं पहिलं-दुसरं वर्ष असेल किंवा वर्कशॉपमध्ये काम करत शिकायचं असेल, तर नँडगेम. लॅच आणि रजिस्टरपर्यंत (अनेक बिट एकत्र साठवणाऱ्या भागापर्यंत) जा, घाई करू नका. कॉम्प्युटर सायन्स किंवा ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या) वरच्या वर्षाला असाल, अडून बसण्याची चीड येत नसेल आणि स्वतःचा कॉम्प्युटर मनासारखा बांधायची हौस असेल, तर ट्युरिंग कम्प्लीटला पैसे घाला. दोन्ही करणार असाल तर आधी नँडगेम. उलट्या क्रमानं गेलेल्यांना नँडगेम पुढं रटाळ वाटला.

विकत घेताना स्टीमच्या सेलची वाट बघायला हरकत नाही. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत करतं. म्हणून पहिल्या दिवशी रमतगमत न खेळता सरळ काउंटिंग सिग्नल्सच्या दिशेनं निघा. तिथं अडकल्यावर कागद-पेन घ्यावंसं वाटलं तर गेम ठेवा. नुसतीच चिडचिड झाली तर लगेच रिफंड मागा आणि त्या पैशात ब्रेडबोर्ड, दोन-चार आयसी आणि एलईडी घेऊन या.