चाळीस आवाज आणि एक ओपन-बॅक हेडफोन : आठ महिन्यांनंतर

हे वायरवाले ओपन-बॅक, म्हणजे कानावरच्या कपांची मागची बाजू उघडी असलेले, हेडफोन घेतले ते ख्याल ऐकायला. आठ महिन्यांत त्यांवर सगळ्यात जास्त वाजलं ते मात्र युरोपातलं बाराव्या ते सोळाव्या शतकातलं चर्चमधलं गाणं. तेव्हा अनुभव तेवढ्यापुरताच. हिंदी गाण्यांना कसे आहेत विचारू नका, बेस जेमतेम आहे.

जुन्या इअरबडवर हा सगळा नुसता गलका वाटायचा. थॉमस टॅलिसची 'स्पेम इन एलियम' ही १५७० च्या आसपासची रचना चाळीस आवाजांची आहे, पाच-पाच जणांचे आठ गट. एका आवाजापासून सुरुवात होते आणि गाणं या गटाकडून त्या गटाकडे जातं. माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात ते डाव्या कानाकडून उजवीकडे सरकतं, हे इथे पहिल्यांदा कळलं. शेवटाकडे सगळे एकदम थांबतात आणि मग चाळीसच्या चाळीस जण 'रेस्पिचे' म्हणत एकत्र उठतात. त्या थांबण्यात छतावरून परत येणारा घुमारा ऐकू येतो. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

सगळं श्रेय हेडफोनचं नाही म्हणा. पहिले दोन महिने मी समेची वाट बघत बसायचो, आणि ती येईचना. कोडं सुटलं ते पेरोतिनच्या 'विदेरुन्त ओम्नेस'मुळे. पॅरिसच्या नोत्र दामची, बाराव्या शतकाच्या अखेरची ही रचना. खालचा आवाज 'वि' हे एकच अक्षर मिनिटभर धरून ठेवतो आणि वरचे तिघे त्याच्यावर तिनाच्या लयीत बागडतात. तो धरून ठेवतो म्हणून टेनर. लॅटिनमध्ये 'धरणे'वरूनच तो शब्द आलाय. त्याला तंबोरा समजून पकडलं आणि वरचे तिघे आपोआप सुटे झाले. फक्त हा तंबोरा मधेच स्वर बदलतो. पहिल्यांदा दचकलोच.

हिल्डेगार्ड या बाराव्या शतकातल्या जर्मन ननच्या गाण्यांसाठी एवढा खर्च करू नका. एकच सुरावट असते, फोनच्या स्पीकरवरही भागतं.

सहाव्या महिन्यात उजवा कान खरखरायला लागला. सर्व्हिस सेंटरने 'वायर वॉरंटीत येत नाही' म्हणून हात वर केले. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने दीडशे रुपयांत जॅक बदलून दिला. शिवाय आवाज बाहेर झिरपतो, त्यामुळे लोकलमध्ये निरुपयोगी. घरीही पहाटे लावले की बायको कुशीवर वळून विचारते, "कुणाचं दहावं चाललंय?"

अ‍ॅपचे पैसे मी भरत नाही. पॅलेस्ट्रिना या सोळाव्या शतकातल्या इटालियन रचनाकाराचं 'किरिए' संपून 'ग्लोरिया' (चर्चमधल्या प्रार्थनेचे लागोपाठचे भाग) सुरू व्हायच्या आत गृहकर्जाची जाहिरात येते, आणि तीही या हेडफोनवर अगदी लख्ख ऐकू येते.