गच्चीवरची पहिली अँटेना: इन्व्हर्टेड व्ही, एंड-फेड की जुनी यागी?

हौशी रेडिओचा परवाना हाती आल्यावर बहुतेकांची पहिली ओढ ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याकडे असते, कारण राज्यातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींशी दिवसा बोलणे याच पट्ट्यावर सर्वांत सोपे जाते. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २० मीटर भरते. घरीच अँटेना बांधणाऱ्याला पहिला निर्णय घ्यायचा असतो तो या तारेला रेडिओकडून येणारी कोॲक्स केबल मधोमध जोडायची की टोकाला, याचा.

मधोमध जोडून तो बिंदू खांबावर चढवला आणि दोन्ही भुजा उतरत्या बांधल्या की इन्व्हर्टेड व्ही तयार होते. या मांडणीत इम्पीडन्स, म्हणजे रेडिओ प्रवाहाला होणारा एकूण विरोध, कोॲक्सला जुळणाऱ्या ५० ओहमच्या आसपास येत असल्याने ट्रान्सफॉर्मर लागत नाही. केबल आणि दोन भुजा यांचा मेळ घालणारा १:१ बालुन पुरतो. ८ मीटरचा जीआय पाइप उभा करून भुजांमधला कोन १२० अंशांचा ठेवला, तर टोके सुमारे ३ मीटर उंचीवर राहतात आणि गच्चीची १७ मीटर लांबी लागते. प्रक्षेपणाच्या वेळी टोकांवर मोठा व्होल्टेज असतो, म्हणून जागा वाचवण्यासाठी ती हाताला लागतील इतकी खाली आणू नयेत. कमी उंचीमुळे बरीचशी ऊर्जा सरळ वर जाऊन आयनावरणावरून जवळच्याच भागात परावर्तित होते. परदेशी संपर्कांना हे मारक असले, तरी कोल्हापूरहून नाशिकशी बोलायचे असेल तर नेमके हेच हवे असते.

कोॲक्स टोकाला जोडलेल्या एंड-फेडला मधला खांब लागत नाही. तारेचे एक टोक खिडकीजवळच्या डबीत आणि दुसरे पाण्याच्या टाकीवर किंवा समोरच्या झाडावर बांधले की काम होते, आणि तीच तार २०, १५ व १० मीटर पट्ट्यांवरही चालते. या सोयीची किंमत डबीत मोजावी लागते. टोकाचा इम्पीडन्स काही हजार ओहमचा असल्याने फेराइटच्या कड्यावर (टोरॉइडवर) १:७ वेढ्यांचा, म्हणजे इम्पीडन्सच्या हिशेबात ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर गुंडाळावा लागतो. त्यात थोडी शक्ती उष्णतेत जाते, आणि १०० वॅटला तारेच्या बाजूला जवळजवळ ५०० व्होल्ट उभे राहतात, तेव्हा पावसात ओली होणारी डबी चालत नाही. शिवाय कोॲक्सची बाहेरची जाळीच अँटेनाचा भाग बनू पाहते. त्यामुळे इमारतीतल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा खरखराट रिसीव्हरमध्ये येतो, आणि आपले सिग्नल शेजाऱ्यांच्या उपकरणांत शिरू शकतात. कोॲक्सवर जाळीवरचा प्रवाह अडवणारा चोक बसवल्याने हा त्रास बराच आटोक्यात येतो.

माझे मत स्पष्ट आहे: सोसायटी खांबाला परवानगी देत असेल, तर पहिली अँटेना इन्व्हर्टेड व्हीच असावी, कारण ती बिघडली तरी दोष कुठे आहे हे नवख्यालाही शोधता येते. खांब अशक्य असेल किंवा अनेक पट्टे हवेच असतील, तरच एंड-फेड घ्यावी. दोन्हींत तार हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचे मोजमाप) पाहत कापावी. घरगुती वायरिंगची आवरण असलेली तार वापरल्यास अंतिम लांबी दोन-चार टक्के कमी भरते. कोॲक्सचे तोंड मात्र पावसाळ्यापूर्वी पूर्ण बंद करावे. त्यातून शिरलेले पाणी जाळीतून आत झिरपत जाते आणि केबलच बदलावी लागते.

एखाद्या ज्येष्ठ हॅमच्या गच्चीवर पडून असलेली २०, १५ आणि १० मीटरची ट्रॅप यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखलेली नळ्यांची अँटेना, जिच्या नळ्यांत बसवलेले ट्रॅप तिला अनेक पट्ट्यांवर चालवतात, मिळत असेल, तर मोह होणे साहजिक आहे. पण ४० मीटरची गरज ती भागवत नाही, आणि तिला भक्कम मनोरा व दिशा फिरवणारा रोटेटर लागतो. दूरच्या संपर्कांसाठी ती दुरुस्त करणे मात्र नवी विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा प्रत्येक जोड उघडून पांढरट थर पॉलिश पेपरने काढावा, गंजलेले यू-बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत, आणि ॲल्युमिनियमला तांबे थेट टेकू देऊ नये. कोकणच्या खाऱ्या हवेत असा जोड लवकर खातो. ट्रॅपची निचऱ्याची भोके कुंभारमाशीने मातीने लिंपलेली असू शकतात. ती मोकळी करून नळी बसवताना भोके खालच्या बाजूलाच ठेवावीत.