चिनी मशीनमध्ये 12 लाख गेले आणि आपलं कोर्ट म्हणतं, बीजिंगला जा

सांगायला लाज वाटायलीय, घरात वडिलांना अजून पूर्ण आकडा सांगितला नाही. पण आपल्या लातूर-उदगीर भागातले डाळमिलवाले सध्या धडाधड चीनच्या कलर सॉर्टरचे (रंग बघून खराब दाणा वेगळा काढणारी मशीन) कोटेशन मागवायलेत म्हणून लिहितोय.

मशीन हेफेईच्या एका कंपनीची, 14,500 डॉलर. 30 टक्के अॅडव्हान्स म्हणजे 4,350 आणि उरलेले 10,150 माल निघायच्या आधी, दोन्ही टीटीनं, म्हणजे बँकेतून थेट त्यांच्या खात्यात. बँकेतून 12 लाख 3 हजार 500 गेले, वर कस्टम, आयजीएसटी आणि न्हावाशेव्याहून भाडं मिळून 3 लाख 90 हजार. पेटी फोडून साइडचं पॅनल काढलं तर व्हायब्रेटरखाली तांदळाचा कोंडा! आम्ही तूर-हरभरा करतो, आमच्या मिलमध्ये तांदूळ येतच नाही. नेमप्लेटचं स्टिकर नखानं सोललं तर खाली जुनी प्लेट. खराब दाणा उडवणारे निम्मे इजेक्टर हवाच मारत नव्हते, काळा दाणा डाळीसोबत सरळ खाली.

आता ज्या पानानं घात केला ते. प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे माल निघायच्या आधीचं कच्चं बिल, दोन पानांचं होतं. पहिल्यावर किंमत, मॉडेल, खातं. दुसऱ्यावर बारीक अक्षरात अटी आणि त्यात चौदावी, की सगळे वाद सिएटॅक या बीजिंगच्या लवादापुढं (कोर्टाबाहेर निवाडा देणारी संस्था), भाषा चिनी. बँकेतल्या माणसानं टीटीसाठी दोन्ही पानांवर सही-शिक्का मागितला, मी दिला. तो शिक्का ज्या जागी उमटला ना, बरोबर त्या अटीच्या खाली, ती जागा मला अजून झोपेत दिसते. पण तोच कागद बँकेनं बघितला, सीएनं बघितला, क्लिअरिंग एजंटनं बघितला, फी सगळ्यांनी घेतली, अटीवर बोट कुणीच ठेवलं नाही. मिलवाल्यानं डाळ बघायची की बीजिंगचा लवाद?

पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणे पैसे तुम्हीच पाठवले, मशीन तर आलीय, मग फ्रॉड कुठं? जुनी मशीन नवी म्हणून विकणं फ्रॉड नाही तर काय आहे? सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, 'संबंधित विभागाकडे वर्ग' एवढाच मेसेज.

मग कमर्शिअल कोर्ट. तिथं 3 लाखांपासूनचे दावे चालतात पण आधी कलम 12ए खाली मेडिएशन, म्हणजे तडजोडीची बोलणी, चीनला नोटीस गेली, कोण येणार? दावा लावला, कोर्ट फी आणि वकील धरून 1 लाख 18 हजार. आणि जी कंपनी माझा फोन उचलत नव्हती तिचा मुंबईचा वकील तारखेला हजर, हातात एकच अर्ज, लवाद कायद्याचं कलम 45, म्हणजे वाद परदेशी लवादाकडं पाठवा. मशीन माझ्या मिलमध्ये, पैसे इथल्या बँकेतून, नुकसान इथं, सगळं सांगून झालं. कोर्टानं कोंड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. करारात लवाद आहे, तिकडं जा. आणि यावर अपीलसुद्धा नाही, अर्ज फेटाळला असता तर त्यांना अपील होतं, मान्य झाला तर मला नाही! हा कुठला न्याय? तिकडचा खर्च वकिलानं सांगितला तो मशीनच्या निम्म्या किमतीच्या वर.

आणि ऐका, दावा इथं चालून जिंकलो असतो तरी हुकूमनामा चीनमध्ये बजावायला दोन देशांत तसा करारच नाही. यूएईशी 1999 चा आहे, म्हणून वसमतच्या हळदवाल्याला दुबईच्या पार्टीमागं लागायला निदान रस्ता तरी आहे. लवादाचा निवाडा मात्र तिकडं चालतो, 1958 च्या न्यूयॉर्क करारात दोघंही आहेत. म्हणून लवाद काढा म्हणू नका, जागा बदला म्हणा. सीट (लवादाची कायदेशीर जागा) मुंबई, भाषा इंग्रजी, पहिला डॉलर जायच्या आधी, लेखी. सेल्सवाली व्हॉट्सअॅपवर 'नो प्रॉब्लेम' म्हणते त्याला काडीची किंमत नाही.

टीटी नको, एलसी करा, म्हणजे ठरलेले कागद दाखवल्यावरच बँक पैसे देते. पण एलसीतही बँक फक्त कागद बघते, माल नाही, त्यामुळं तिसऱ्या पार्टीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट अटीत टाकाच. किमतीचे 15 टक्के तुमच्या तुरीवर ट्रायल झाल्याशिवाय सोडू नका. आणि ज्यांचं प्रोफॉर्मा सही करून गेलंय पण बॅलन्स जायचाय, त्यांनी आजच बँकेत जाऊन तो थांबवा आणि दुसरं पान वकिलाला दाखवा, सीएला नाही.