शिवभोजन थाळी, पंचवटी: भात चोख, वरण पातळ

दहा रुपयांत आता नाशकात धड मिसळीचा जादा पावही येत नाही. त्यामुळे पंचवटीत मार्केट यार्डाच्या अंगाला जे शिवभोजन केंद्र आहे, जिथे सरकारी अनुदानावर दहा रुपयांत थाळी मिळते, त्याला हॉटेलचे निकष लावणार नाही. मी यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी आहे. घरून डबा आला नाही की दुपारचं जेवण तिथेच. आमचा धंदाच काट्याचा, म्हणून आधी वजनाचं बोलतो.

सरकारी माप असं: ३० ग्रॅमची एक अशा दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. एका दुपारी मी दोन चपात्या कागदात गुंडाळून शेजारच्या किराणावाल्याकडे नेल्या आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. आकडा ५८ वर थांबला. किराणावाला हसला, पण दोन ग्रॅमसाठी भांडणारा माणूस मी नाही. कांद्याच्या गोणीत आम्ही याहून जास्त घट धरतो. चपाती मऊ असते, कडेला कच्ची नसते, एवढं पुरे.

भात चोख. मूद वाटीने पाडतात, मोकळा शिजलेला असतो, खडा लागला नाही. भाजीचं गणित यार्डात बसणाऱ्याला लगेच कळतं: आज ज्याचा भाव पडला, ते उद्या थाळीत. कोबी मातीमोल झाला की आठवडाभर कोबी. फ्लॉवर उतरला की फ्लॉवर-बटाटा. तक्रार नाही, माल ताजाच असतो. तक्रार वरणाची. वाटी हातात घेतली की तळाला ठोकलेला भांडेवाल्याचा शिक्का वाचता येतो. मीठ-हळद बरोबर, डाळ मात्र पाहुणी. वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, "मावशी, जरा तळातून ढवळा की." त्या म्हणाल्या, "ढवळलं तरी तेवढीच आहे, दादा." उत्तर खरं होतं, त्यामुळे पुढे बोललो नाही.

जेवणाआधी मोबाइलवर फोटो काढतात, नाव विचारतात, मग थाळी. हमाल मंडळींना सुरुवातीला हे जड गेलं. आता डोक्यावरचा टॉवेल आपणच काढून फोटोला उभे राहतात.

रांगेत उभं राहिलं की मंत्र्यांचा विषय निघतोच. हे खातं अन्न व नागरी पुरवठ्याचं, आणि खात्याचे मंत्री छगन भुजबळ आमच्याच जिल्ह्यातले, येवल्याचे आमदार. भाजीवाल्यांना त्यांचं आकर्षण वेगळं, कारण माणूस मूळचा भायखळ्याच्या बाजारात भाजी विकणारा. १९७३ ला नगरसेवक, १९८५ ला मुंबईचा महापौर, १९९१ ला पुन्हा महापौर. त्याच वर्षी डिसेंबरात आमदार फोडून शिवसेनेतून काँग्रेसमध्ये. १९९५ ला माझगावात पडले. तेव्हा युती सरकारने १ रुपयात झुणका भाकर आणली, आणि पुढे हे विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. १९९९ ला सरकार बदललं, हे उपमुख्यमंत्री झाले, झुणका भाकर केंद्रं बंद पडली. गृहखातं यांच्याकडे असताना जुलै २००० मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांना अटक झाली.

आणि आता गंमत बघा. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, त्याच मंचावर भुजबळांनी मंत्रिपदाची शपथ घेतली, आणि २६ जानेवारी २०२० ला ही थाळी सुरू झाली. आमच्याकडचा एक म्हातारा हमाल रांगेत म्हणाला, "ज्यांच्या घरी पोलीस पाठवले, त्यांच्याच घरचं वरण वाढायची पाळी आली की!" सगळी रांग हसली. मला मात्र त्यात टिंगल वाटत नाही. राजकारणात पन्नास वर्षं टिकलेल्या माणसाचा हिशेब असाच उलटसुलट असणार. मध्ये मार्च २०१६ ची ईडीची अटक आहे, मे २०१८ चा जामीन आहे, २०२१ ला दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकाम प्रकरणात विशेष न्यायालयाने दोषमुक्त केल्याचा निकाल आहे. यावर यार्डात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांचे लोक एकाच बाकावर जेवतात.

मी एवढंच म्हणेन की गृहखातं किंवा बांधकाम खातं कसं चालवलं, हे माझ्यासारख्याला पेपर वाचूनच ठरवावं लागतं. ही थाळी मात्र मी काट्यावर टाकू शकतो. लॉकडाऊनमध्ये ती ५ रुपयांना मिळाली, एप्रिल २०२१ पासून काही महिने फुकट. यार्डातले कितीतरी लोक त्या दिवसांत तिच्यावर जगले, ते मी पाहिलंय. त्याचे गुण मी कापणार नाही. पण डिसेंबर २०२४ ला भुजबळांना मंत्रिमंडळात घेतलं नाही आणि मे २०२५ ला पुन्हा हेच खातं मिळालं, या सगळ्या उलाढालीत वरण ना दाट झालं ना आणखी पातळ.

त्याचं कारण दरात आहे. शहरातली थाळी सरकारने ५० रुपयांची धरली: दहा आपले, चाळीस अनुदान. गावात ३५ ची. तूरडाळीचा भाव, गॅस, दोन बायांचा पगार, भाडं, हे सगळं त्या पन्नासात बसवायचं. त्यात बिलं थकल्याची केंद्रचालकांची ओरड राज्यभर पेपरांत येऊन गेली. अशा वेळी चालक पहिला हात डाळीलाच लावणार, कारण चपाती मोजता येते आणि वरण पाण्याने वाढवता येतं. मंत्री कोणीही असो, आधी तो दर बदला.

जाणार असाल तर साडेबाराच्या आत जा. थाळ्यांचा रोजचा आकडा ठरलेला असतो, उशीर झाला की फळा पुसलेला दिसतो. हात धुवायला एकच नळ आहे. सुटे दहा न्या. लोणचं, कांदा मागू नका, मिळत नाही. मी घरून डबीत लसणाची चटणी नेतो, पण डबी उघडली की बाकावरच्या सगळ्यांना द्यावी लागते.