नेदरलँड्समधलं क्रामझोर्ग: तास कमी करू नका, आईचं तिकीट पुढे ढकला

क्रामझोर्गला, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येऊन मिळणाऱ्या मदतीला, माझे पाचपैकी चार स्टार, एक कुठे गेला ते पुढे सांगते. इथे येऊन जेमतेम घर लागतंय, अजून बँकेची पत्रं ट्रान्सलेट ॲपमध्ये वाचतोय आणि त्यातच बाळ, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांच्यासाठी लिहितेय. कारण आपल्या ओळखीतले बरेच जण क्रामझोर्गचे तास कमी करून घेतात, "आई येणारच आहे ना, मग कशाला परकी बाई घरात" म्हणून, आणि मला ते अजिबात पटत नाही.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळं नीट असेल तर बाळंतपणानंतर काही तासांतच घरी पाठवतात, आणि मग साधारण आठ दिवस एक ट्रेनिंग घेतलेली बाई रोज घरी येते, आईचं आणि बाळाचं दोघांचं बघायला. सर्वसाधारणपणे ४९ तास मिळतात, कमीत कमी २४ आणि तशीच गरज असेल तर ८० पर्यंत. बेसिक इन्शुरन्समध्येच येतं, फक्त तासाला पाच युरोच्या थोडं वर आपण भरायचे, म्हणजे ४९ तासांचे अडीचशेच्या पुढे जातात. ते ३८५ युरोंचं आयगन रिसिको आहे ना, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण स्वतः भरायची रक्कम, ते ह्याला लागत नाही. वरचा ॲडिशनल इन्शुरन्स असेल तर बरेचदा आपला वाटाही परत मिळतो, पॉलिसी उघडून बघा.

नाव मात्र प्रेग्नन्सी कळल्यावर लवकर नोंदवा. माणसांचा तुटवडा आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर फारच.

बाई यायच्या आधी घराची तयारी लागते आणि ती यादी वाचून आम्ही हसलो होतो. पलंग जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे तिची पाठ जाऊ नये, त्यासाठी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावायचे, ते भाड्याने मिळतात. मग त्या सिंहासनावर चढता-उतरताना टाक्यांची काय वाट लागते ते विचारू नका, खाली एक पक्कं स्टूल ठेवा. शिवाय बाळाच्या पलंगासाठी धातूची गरम पाण्याची बाटली, तिला क्राउक म्हणतात. ती गळत नाही ना हे बघून, बाळापासून एक वीतभर नाही पण तळहाताएवढं तरी अंतर ठेवून लावायची. कानटोपी-दुपट्यांत गच्च गुंडाळून ठेवायची आपली सवय, इथे मात्र दर थोड्या वेळाने मानेला हात लावून बाळ जास्त गरम तर नाही ना ते बघतात. झोपायच्या खोलीत १६ ते १८ डिग्री, बाळ पाठीवर, पाय पलंगाच्या तळाला टेकलेले म्हणजे सरकून पांघरुणाखाली जाणार नाही, उशी नाही, जाड दुलई नाही. पहिल्या रात्री मला हे क्रूर वाटलं होतं.

आणि बादलीतली आंघोळ! खास बाळाची बादली असते, ३७ डिग्रीचं पाणी, त्यात बाळाला उभं बसवल्यासारखं धरायचं. आमचं रडून लाल झालेलं बाळ पाण्यात गेल्यावर गप्प. घरी व्हिडिओ दाखवल्यावर जो गोंधळ झाला तो वेगळाच.

काम काय करते, तर आईचं टेम्परेचर, नाडी, टाके, रक्तस्राव, पोट दाबून गर्भाशय खाली उतरतंय की नाही ते. बाळाचं वजन, शू-शी किती, कातडी पिवळी पडतेय का. सगळं फाईलमध्ये लिहिते आणि मिडवाइफ आली की ती फाईल वाचते. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतंच, पण किती घटलं की काळजी करायची हे तिला बघूनच कळतं, आपण मात्र वजनकाट्याकडे बघून रडत बसतो. दूध पाजताना ती शेजारी अर्धा अर्धा तास बसली, बाळाची हनुवटी कुठे हवी ते दाखवत, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी सगळे तास परत घेईन. टॉयलेट-बाथरूम पुसणं, कपडे मशीनला लावणं, दुपारी ब्रेडचं काहीतरी खायला करून देणं हेही करते. गरम जेवणाची अपेक्षा ठेवू नका, ते आपलं आपण फ्रीझरमध्ये भरून ठेवायचं.

माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. हा देश कसा चालतो ते पहिल्यांदा कोणीतरी आमच्याच सोफ्यावर बसून सांगितलं. जन्माची नोंद तीन दिवसांत गेमेन्टेमध्ये (नगरपालिकेत) करायची म्हणून तिने नवऱ्याला अक्षरशः जॅकेट घालायला लावून पाठवलं. बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घ्यायला पहिल्या आठवड्यात घरीच माणूस येतो, दार उघडा. बाळाला हेल्थ इन्शुरन्समध्ये चार महिन्यांच्या आत घालायचं, १८ वर्षांपर्यंत हप्ता नाही. व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम. हे सगळं वेबसाइटवर असतंच, पण झोप नसलेल्या माणसाला वेबसाइट कोण वाचून देणार.

आणि नाही म्हणायचं काम तिच्यावर ढकलता येतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मध चाटवायचा विषय काढला, बाईने शांतपणे सांगितलं की एक वर्षाच्या आत मध नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा, धोका असतो. विषय संपला. हेच मी म्हटलं असतं तर आठवडा गेला असता.

एक गोष्ट मात्र तिला विचारू नका. बाळ इथे जन्मलं म्हणून डच होत नाही, आई-बाबा दोघंही भारतीय असतील तर पासपोर्ट हेगच्या भारतीय दूतावासातून आणि रेसिडेन्स परमिट आयएनडीकडून (इथलं इमिग्रेशन खातं). आमच्या बाईला वाटत होतं की सगळं आपोआप होतं.

आता तो कापलेला स्टार. बाई कोण येणार ते आपल्या हातात नसतं, आणि आमच्या एजन्सीने (नाव घेत नाही) आठवड्याच्या मध्येच माणूस बदललं, सकाळी फोन करून, तेही डचमध्ये. पहिली म्हणत होती बाळ मागेल तेव्हा पाजा, दुसरी घड्याळ लावून बसली. मी मिडवाइफला विचारून पहिलीचंच चालू ठेवलं, पण त्या दिवशी डोकं फिरलं होतं. नोंदणी करतानाच इंग्रजी बोलणारी हवी असं लेखी मागा आणि बदली आली तर जुनी फाईल तिने वाचलीय का ते दारातच विचारा.

दुसरी तक्रार सिस्टीमबद्दल. आठव्या दिवशी ती टाटा करून जाते आणि मग एकदम काहीच नाही. कन्सल्टाटीब्युरोची (बाळांची वाढ आणि लसी बघणारं केंद्र) नर्स साधारण दोन आठवड्यांनी घरी एक चक्कर मारते, तिथली पहिली अपॉइंटमेंट बाळ महिन्याचं होत आलं की. बाळ संध्याकाळी तासन्‌तास रडायला लागतं ते नेमकं ह्या मधल्या काळात.

म्हणूनच आईचं तिकीट. शेंगेन व्हिसावर ९० दिवसच मिळतात, त्यातला पहिला आठवडा कशाला घालवायचा, घरात आधीच एक बाई आहे, पलंग ठोकळ्यांवर आहे, दोघींची मतं वेगळी आणि मध्ये दुभाषी कोण, तर बाळंतीण. आईला बाई गेल्यावर आणा, तेव्हा मालीश, शेक, डिंकाचे लाडू सगळ्याला जागा असते. बाबांच्या रजेचंही तेच. पहिला एक आठवडा पूर्ण पगारी असतो, तो क्रामझोर्गच्या बरोबर घ्या कारण बाई त्यालाही शिकवते, पण वरचे पाच आठवडे ७० टक्के पगाराचे असतात आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येतात, ते आई परत गेल्यावर लावा. ऑफिसात मात्र आधीच सांगून ठेवा, लेखी.